नवी नोकरी आणि बदलीचा अर्ज : या चुका टाळा

एप्रिल लागला की आस्थापनेच्या (नेमणुका-बदल्यांचं काम बघणाऱ्या शाखेच्या) टेबलाभोवती नव्या पोरापोरींची गर्दी होते. बुलढाण्याचा मुलगा गडचिरोलीतल्या एटापल्लीत, अकोल्याची मुलगी मेळघाटातल्या धारणीत. "बाबूजी, माही बदली कधी होईन?" रुजू होऊन वर्षही झालेलं नसतं. घरची ओढ खोटी नाही, पण यातले बरेच अर्ज पहिल्या वाचनातच बाजूला पडतात, आणि दर वेळी त्याला साहेबच कारणीभूत असतात असं नाही.

दुसऱ्याचा नियम आपल्याला लावणं

सगळ्यात जास्त अर्ज इथेच मार खातात. अर्जाला शिक्षकांच्या बदलीच्या शासन निर्णयाची झेरॉक्स टाचलेली, त्यातल्या "अवघड क्षेत्र" (म्हणजे दुर्गम गावं) या शब्दांखाली लाल पेनाने रेघ, आणि अर्जदार कोण, तर तहसील कार्यालयातला महसूल सहायक! व्हॉट्सअपवर आलं ते जोडलं.

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना 2005 चा बदल्यांचा अधिनियम लागू आहे. तो 1 जुलै 2006 पासून अमलात आला. त्यात पदावधी साधारण तीन वर्षांचा धरलाय, मात्र गट क च्या बिगर-सचिवालयीन कर्मचाऱ्याला त्याच कार्यालयात असे दोन पदावधी, म्हणजे सहा वर्षं काढावी लागू शकतात. बदल्या सर्वसाधारणपणे एप्रिल-मेमध्येच. मुदतीआधी किंवा अधल्यामधल्या महिन्यात हवी असेल तर विशेष कारण लेखी नोंदवून वरिष्ठ प्राधिकाऱ्याची आधी मान्यता घ्यावी लागते. जिल्हा परिषदेच्या गट क आणि ड कर्मचाऱ्यांसाठी 15 मे 2014 चा शासन निर्णय आहे. प्राथमिक शिक्षकांचा 18 जून 2024 चा वेगळा. त्यात अवघड क्षेत्रात तीन वर्षं झाली की बदली मागण्याचा अधिकार येतो. म्हणून अर्ज लिहायच्या आधी नियुक्ती आदेश काढा आणि आपण कोणाचे कर्मचारी, कोणत्या संवर्गातले (केडर), परिवीक्षा (प्रोबेशन) किती, हे त्यात बघा. भरतीच्या गडबडीत हा कागद कोणी धड वाचत नाही.

जिल्ह्याबाहेरची बदली सोपी समजणं

ग्राम महसूल अधिकारी, जिल्हा परिषदेचे शिक्षक, आरोग्य सेवक यांची भरती जिल्ह्याची असते. भामरागडहून आरमोरीला येणं ही जिल्ह्यातली बदली झाली. गडचिरोलीहून वाशिमला जाणं हे प्रकरणच निराळं आहे. तिथे पद रिकामं असून भागत नाही, बिंदुनामावलीत, म्हणजे कोणती जागा कोणत्या आरक्षण प्रवर्गाची ते ठरवणाऱ्या यादीत, तुमच्या प्रवर्गाची जागा रिकामी लागते. तिकडे दहा पदं रिकामी आहेत म्हणून पोरं खूश होतात आणि आपल्या प्रवर्गाचा बिंदू भरलेला निघतो. शिवाय नव्या जिल्ह्यात सेवाज्येष्ठता यादीत तळाशी जावं लागतं. पंचविशीत त्याचं काही वाटत नाही. पदोन्नतीची यादी लागते तेव्हा मात्र झोंबतं. घरी बसून हा हिशोब एकदा मांडा, मग सही करा.

तोंडी आदेशावर दुसरीकडे बसणं

"तू सध्या तालुक्याला ये, कागद मागून काढू." हे ऐकून पोरगं बॅग भरतं. माझ्या मते नव्या माणसाने या फंदात पडूच नये. हजेरीपट मूळ ठिकाणी, पगार मूळ ठिकाणी, माणूस तिसरीकडेच. मूळ गावात तपासणी लागली तर गैरहजर तुम्ही ठरता, आणि तोंडी बोलावणारे साहेब तोवर बदलून गेलेले असतात. कागद मिळाल्याशिवाय जागा सोडू नका. आदेशात कालावधी लिहिलाय का तेही बघा.

कारणाला कागद नसणं, शिफारशीला मात्र असणं

"आईवडील वृद्ध असून घरची परिस्थिती हलाखीची आहे" हे वाक्य जवळपास प्रत्येक अर्जात असतं, त्यामुळे त्याचं वजन उरलेलं नाही. आजाराचं कारण असेल तर सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लावा. पती-पत्नी एकत्रीकरण (दोघांना एका ठिकाणी नेमणूक) हे कारण असेल तर विवाह नोंदणी आणि जोडीदाराच्या कार्यालयाचा दाखला. आमदाराचं पत्र मात्र जोडू नका. वर्तणूक नियम 1979 मधला नियम 23 राजकीय दबाव आणायला मनाई करतो, आणि ते पत्र तुमच्याच फाइलला कायमचं लागून राहतं. "पण अमक्याचं झालं ना तसंच!" झालं असेल. तुमचंही होईल याची हमी कोण देणार?

पैशाची एक गोष्ट. विनंती बदलीला बदलीचा प्रवासभत्ता मिळत नाही. सामान हलवायचं ते स्वतःच्या खिशातून.

खासगी नोकरीत, बुटीबोरीची कंपनी असो की तालुक्यातली मायक्रोफायनान्सची शाखा, यातलं काहीच लागू नाही. तिथे नियुक्तीपत्र आणि कंपनीचं धोरण बघायचं. कायम होण्याआधी सहसा कोणी दाद देत नाही, आणि वसुलीच्या कामात घराजवळची शाखा मुद्दाम नाकारतात.

अर्ज अडकला तर

थेट मंत्रालयाला पाठवलेला अर्ज अभिप्रायासाठी फिरून तालुक्यालाच येतो, म्हणून कार्यालय प्रमुखांमार्फतच द्या आणि पोच घ्या. आवक क्रमांक नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. प्रस्ताव तालुक्याहून जिल्ह्याला कोणत्या जावक क्रमांकाने गेला तो विचारा. निम्मे प्रस्ताव तालुक्यातच पडून असतात. उत्तरच मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्जावरची कार्यवाही मागा, मुदत 30 दिवसांची. नकार आला तर तो लेखी घ्या. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला नागपूरच्या प्रशासकीय न्यायाधिकरणात (सरकारी नोकरीतले वाद ऐकणाऱ्या न्यायालयात) जाता येतं, साधारण वर्षाच्या आत. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांची दाद तिथे लागत नाही, त्यामुळे वकिलाची फी भरण्याआधी नियुक्ती आदेशावर सही कोणाची आहे ते बघून घ्या.