दमट उन्हाळ्यात कुत्र्याच्या अंगातलं पाणी कमी होऊ नये म्हणून काय करावं?

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांवर थोड्या घामग्रंथी असतात, पण अंग गार ठेवायला त्या पुरत नाहीत. त्याची सगळी भिस्त धापा टाकण्यावर. भराभर श्वास घेतला की जिभेवरची आणि नाकातली ओल वाफ होऊन उडते आणि अंगातली उष्णता सोबत नेते. दमट हवेत धुतलेले कपडे वाळता वाळत नाहीत, तशी ही ओलही तेव्हा लवकर उडत नाही. मग कुत्रा आणखी जोरात धापा टाकतो, लाळ गळत राहते, अंगातलं पाणी जातं आणि अंग मात्र तापलेलंच राहतं. त्यामुळे अशा दिवसांत पाण्याचं भांडं भरून ठेवलं की झालं, असं समजू नका. त्याला धाप कमी लागेल याची सोयही करावी लागते.

पहिली पायरी: हिरड्या बघायची सवय लावा

कुत्रा ठणठणीत असतानाच ही सवय लावा. निरोगी हिरडी कशी लागते हे बोटाला माहीत नसेल, तर बिघडलेली ओळखू येणार नाही. वरचा ओठ हळूच उचला आणि हिरडीवर बोट फिरवा. ती ओली, बुळबुळीत हवी. बोट सहज सरकलं पाहिजे. बोट चिकटत असेल किंवा लाळ घट्ट, तारेसारखी येत असेल, तर पाणी कमी पडतंय. मग सुळ्याच्या वरच्या हिरडीवर बोट दाबून सोडा. दाबलेली जागा पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. त्याहून जास्त वेळ लागला तर थांबू नका, डॉक्टरांना फोन करा. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. त्यांच्या बाबतीत खालच्या पापणीची आतली बाजू बघून रंगाचा अंदाज घ्या.

खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलून सोडायची परीक्षा बहुतेकांना माहीत असते. कातडी झटकन जागेवर बसली तर ठीक, सावकाश बसली तर पाणी कमी. पण माझ्या मते या एकाच परीक्षेवर विसंबणं धोक्याचं आहे. म्हाताऱ्या, वाळलेल्या कुत्र्याची कातडी एरवीही सैल असते आणि लठ्ठ कुत्र्याची चरबीमुळे पटकन बसते. शिवाय कातडीत फरक दिसेपर्यंत वजनाच्या साधारण 5 टक्के पाणी गेलेलं असतं. 20 किलोच्या कुत्र्यात हे एक लिटर झालं! हिरड्या त्याआधी बोलू लागतात.

दुसरी पायरी: पाणी मोजून ठेवा

साधारणपणे दर किलो वजनामागे दिवसाला 50 ते 60 मिली पाणी लागतं. म्हणजे 10 किलोच्या कुत्र्याला 500 ते 600 मिली, आणि उकाड्यात त्याहून जास्त. सकाळी मोजून भरा, रात्री किती उरलं ते बघा. दोन-चार दिवसांत त्याची नेहमीची गरज कळते. डब्यातलं ओलं अन्न खाणारा कुत्रा भांड्यातलं पाणी कमी पितो, कारण त्या अन्नात सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असतं. कोरडे दाणे खाणाऱ्याला ते सगळं पिऊनच भरून काढावं लागतं.

भांडी एकापेक्षा जास्त ठेवा आणि सावलीत ठेवा. धातूचं भांडं उन्हात राहिलं तर पाणी कोमट होतं आणि कुत्रा तोंड लावून निघून जातो. भांड्याच्या तळाला आतून बोट लावून बघा. बुळबुळीत थर लागला तर नुसतं विसळून भागत नाही, रोज घासावं लागतं. कमी पिणाऱ्या कुत्र्याच्या कोरड्या खाण्यात पाणी घाला.

याच्या उलट, कुत्रा अचानक खूप पाणी पिऊ लागला आणि लघवीही वाढली, तर उकाड्यावर ढकलू नका. मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह किंवा नसबंदी न झालेल्या मादीत गर्भाशयाला झालेला संसर्गही असा सुरू होतो. पाणी मात्र कधीच तोडू नका.

तिसरी पायरी: धाप कमी लागेल असं बघा

फिरायला ऊन चढण्याआधी न्या. पण पहाटेची हवा थंड असली तरी ती फार दमट असू शकते, म्हणून वेळेबरोबर कुत्र्याकडेही लक्ष ठेवा. जीभ लांब बाहेर लोंबायला लागली, टोकाला रुंद झाली किंवा तो मागे रेंगाळू लागला, की परत फिरा. घट्ट मुसकं बांधून गरमीत नेऊ नका. तोंडच उघडलं नाही तर धापा टाकणार कसा? बंद गाडीत पाच मिनिटंही सोडू नका. काच थोडी खाली ठेवल्याने विशेष फरक पडत नाही.

पग, बुलडॉग अशी चपट्या नाकाची कुत्री, पिल्लं, म्हातारी, लठ्ठ आणि हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असलेली कुत्री यांना हे सगळं दुप्पट कडकपणे पाळा. पंख्याबद्दलही एक सांगायला हवं: कोरड्या कुत्र्याला नुसत्या पंख्याचा फारसा उपयोग होत नाही. पोट, मांड्यांची आतली बाजू आणि पंजे ओले करून मग पंखा लावा.

चौथी पायरी: पाणी कमी झालंच तर

कुत्रा शुद्धीवर असेल, स्वतःहून पीत असेल आणि फक्त थोडा मलूल असेल, तर त्याला गार, हवेशीर जागी न्या आणि दर काही मिनिटांनी थोडं-थोडं पाणी द्या. तहानलेला कुत्रा एका दमात भांडं संपवतो आणि सगळं ओकून टाकतो, मग होतं त्याहूनही कमी उरतं. ओआरएस द्यायचं असेल तर किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा आणि पाकिटावरचे घटक वाचा. झायलिटॉल हा साखरेऐवजी घातला जाणारा गोड पदार्थ कुत्र्याला विषारी आहे. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नका, ते फुफ्फुसात जाऊ शकतं.

उलट्या-जुलाब होत असतील, पिल्लू असेल, डोळे खोल गेले असतील, तो पाणी पीत नसेल किंवा हिरड्या चिकटच राहिल्या असतील, तर घरचे उपाय सोडा. त्याला सलाईन लागेल, आणि किती व किती वेगाने द्यायचं हे डॉक्टरच ठरवतील. हृदयरोग्याला जास्त झालेलं सलाईनही घातक ठरतं.

उष्माघात वाटला तर

कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस असतं. ते 40 च्या वर गेलं आणि धाप थांबेना, झोक जाऊ लागला, हिरड्या लालभडक किंवा फिकट पडल्या, तर आधी गार करायला लागा, दवाखान्याची धावपळ त्यानंतर. एकाने फोन करावा, दुसऱ्याने कुत्र्याच्या अंगावर सतत पाणी ओतावं आणि वारा घालावा. पाणी कातडीपर्यंत पोचलं पाहिजे, केसांवरून नुसतं ओघळून उपयोग नाही. डोकं वर ठेवा, नाकातोंडात पाणी जाऊ देऊ नका. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका. तो थोड्याच वेळात तापतो आणि आतली उष्णता कोंडतो. गुदद्वारात थर्मामीटर लावून बघत राहा आणि 39.5 च्या आसपास आलं की पाणी थांबवा, नाहीतर अंग नको तितकं गार पडतं. पॅरासिटामॉल देऊ नका. उष्माघाताचं तापमान त्याने उतरत नाही, विषबाधा मात्र होऊ शकते.

कुत्रा उठून शेपूट हलवू लागला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मूत्रपिंड आणि रक्त गोठण्याच्या तक्रारी एक ते तीन दिवसांनीही वर येतात. तोवर लघवी किती वेळा होते, तिचा रंग कसा आहे, शी काळी किंवा रक्ताची तर नाही ना, आणि हिरड्यांवर वा पोटावर बारीक लाल ठिपके तर आले नाहीत ना, हे रोज सकाळ-संध्याकाळ तपासा.