यादी कुणी केली? विचलनाच्या पेपरात माझं एक सत्र कसं गेलं

बडोद्यात समाजशास्त्रात एम.ए. करताय आणि विचलन (म्हणजे समाजाचे नियम मोडणारं वागणं) व सामाजिक नियंत्रण हा पेपर घेतलाय, तर हे तुमच्यासाठी. दुर्खाइम, मर्टन, बेकर हे समाजशास्त्रज्ञ तुम्हाला माहीत असतीलच, ते परत सांगत नाही. माझ्या लघुप्रबंधाचं एक अख्खं सत्र ज्या चुकीत गेलं, ती मात्र सावकाश सांगणार आहे. आजही ती आठवली की पोटात कालवतं.

विषय घेतला दारूबंदी. गुजरातेत ती 1960 पासून, म्हणजे राज्य झालं तेव्हापासून आहे. दाहोद मागे टाकून झाबुआच्या बाजूला गेलं की तीच बाटली परवान्याच्या दुकानात उघड मिळते. माणूस तोच, घोट तोच, हद्द ओलांडली की गुन्हा उरत नाही. विचलन कृतीच्या अंगी नसतं, नियम करणारे आणि तो एखाद्यावर लावणारे मिळून ते घडवतात, हे बेकरने 1963 मध्ये मांडलेलं मला तोंडपाठ होतं. त्यामुळे विषय हातात आला असंच वाटलं.

मग ओळखीच्या एका कार्यकर्त्याकडून शहराच्या कडेच्या वस्तीतल्या पंधरा जणांची यादी घेतली. सगळे कधी ना कधी पकडले गेलेले. मुलाखती झाल्या, तक्ते झाले. शिक्षण कमी, मजुरी कधी आहे कधी नाही, वडीलही पिणारे. निष्कर्ष लिहिला: गरिबी आणि घरचं वातावरण यांमुळे विचलन होतं. माझ्या मार्गदर्शकांनी प्रकरणं न वाचता सह्या केल्या आणि मला त्याचा आनंद झाला. सह्या करणारा मार्गदर्शक सोयीचा वाटतो, पण तो नको. पानं लाल करणारा शोधा, त्याच्या दाराबाहेर तासभर ताटकळावं लागलं तरी चालेल.

मौखिक परीक्षेच्या आधी दुसऱ्याच एका बाईंनी मसुदा चाळला आणि विचारलं, "ही यादी कुणी केली?"

"एका कार्यकर्त्याने."

"त्याला ही नावं कुठून मिळाली?"

"पोलीस केसमधून."

"मग तू पिणाऱ्यांचा अभ्यास केलास, की पकडलेल्यांचा?"

इथे थांबा, कारण सापळा हाच आहे. कोण पितं हे मी मोजलंच नव्हतं, कोण पकडलं जातं ते मोजलं होतं. शिक्का कुणावर बसतो हा माझा प्रश्न असायला हवा होता; मी शिक्का बसलेल्यांनाच रांगेत उभं केलं आणि त्यांच्यात गरिबी सापडली म्हणून गरिबीला कारण ठरवून मोकळी झाले. गरिबी सापडणारच होती. छापा वस्तीवर पडतो. डांडिया बाजारात आमच्या शेजारचे एक काका रोज रात्री घ्यायचे, हे अख्ख्या वाड्याला ठाऊक होतं. "आज ह्यांना बरं नाही" म्हणत काकू दार लोटून घ्यायच्या आणि सगळे ते मान्य करायचे. काका माझ्या यादीत कधीच आले नसते. बेकरच्या चौकटीत त्यांच्यासाठी वेगळा रकाना आहे: नियम मोडतो, पण कुणी तसं म्हणत नाही. त्याच्या उलटाही रकाना आहे: मोडलेला नसतो, तरी आळ येतो. माझ्या पंधरांपैकी दोघांनी सांगितलं होतं की त्या दिवशी आम्ही घेतलीच नव्हती. मी तक्त्यात लिहिलं, "नकार". ते दोघं खरं बोलत असतील, ही शक्यता माझ्या मनातही आली नाही. याची लाज मला अजून वाटते.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ सदरलँडला हेच दिसलं होतं. तुरुंगातले लोक मोजून गुन्ह्याचं कारण गरिबीत शोधायचं त्याने नाकारलं, आणि 70 मोठ्या अमेरिकी कंपन्यांविरुद्ध लागलेले निकाल तपासून 1949 मध्ये पांढरपेशा गुन्हेगारीवरचं पुस्तक काढलं. हे मी परीक्षेसाठी वाचलं होतं, पण माझ्या यादीला लावून पाहिलं नव्हतं.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही उलट्या खड्ड्यात जाल. पहिला घोट का घेतला, याचं उत्तर बेकरच्या या शिक्क्याच्या सिद्धांतात नाही. समाजशास्त्रज्ञ लेमर्टने 1951 मध्ये प्राथमिक आणि दुय्यम विचलन वेगळं केलं ते त्यासाठीच: आधीचा नियमभंग प्राथमिक; समाजाने एखाद्याला "तसला" ठरवल्यावर तो स्वतःला तसा समजून जगू लागतो, तो पुढचा, दुय्यम टप्पा. आय.एम.पी. म्हणजे परीक्षेत हमखास येणाऱ्या प्रश्नांच्या मटीरियलमध्ये सिद्धांत, मुद्दे, टीका असा तीन रकान्यांचा तक्ता असतो, तो फेकून द्या. सगळ्यांनी एकाच प्रश्नाचं उत्तर दिलंय असं त्यातून वाटत राहतं. मर्टन विचारतो, पैसा सगळ्यांनी मिळवावा असं सांगणारा समाज वाट मात्र थोड्यांनाच का देतो. बेकरचा प्रश्नच वेगळा आहे.

उदाहरणांसाठी लांब जायला नको. 1906 मध्ये सयाजीरावांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होऊ लागला. पोरीला घरी ठेवणं काल रीत होती, आज अपराध झाला. आणि 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा वाचाच. त्यात शिक्का जन्माबरोबर यायचा. तो 1952 मध्ये रद्द झाला, पण सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि संशय उरला.

एक सक्त ताकीद. इथे पिणं हाही गुन्हा आहे. तुमच्या वहीत खरं नाव, गल्ली, घर नंबर असेल आणि ती वही भलत्या हाती पडली, तर त्या माणसाचं काय होईल याचा विचार मुलाखतीआधी करा. मी पहिल्या फेरीत नावं लिहिली होती. नंतर ती पानं फाडून जाळली.

एक सत्र उशीर झाला, घरी बोलणी बसली, मैत्रिणी पुढे गेल्या. पण प्रबंध वाया जात नाही. त्याच पंधरा मुलाखती मी ठेवल्या, फक्त प्रश्न बदलला: तुम्हाला पकडलं तेव्हा आणखी कोण कोण होतं, आणि त्यांना का सोडलं? एवढ्यावर लोक तासतास बोलले. मग आमच्या गल्लीत आले. काकूंनी आधी खिडकी लावून घेतली, पंखा मोठा केला आणि म्हणाल्या, "नाव नाही ना लिहिणार?" मी कोरी वही त्यांच्यापुढे ठेवली.