टीम म्हणजे अलायन्स नव्हे: सायबर नेशन्समध्ये या चुका टाळा

सायबर नेशन्स हा ब्राउझरवर खेळायचा ऑनलाइन गेम, त्यात प्रत्येक खेळाडू एक देश चालवतो. तो २००६ साली सुरू झाला, तेव्हापासून नवा खेळाडू हमखास घालतो तो घोळ एकच: टीम आणि अलायन्स एकच समजायचं. टीम म्हणजे नुसता रंग. निळा, लाल, मरून, हवा तो घ्या. अलायन्स म्हणजे हल्ला झाल्यावर पाठीशी उभी राहणारी माणसं. निळ्या देशावर दुसरा निळा देश खुशाल चढाई करतो, रंग आडवा येत नाही.

मग रंग कशाला? व्यापारासाठी. प्रत्येक देशाकडे स्वतःची दोनच संसाधनं, बाकीची ट्रेडमधून. हार्बर बांधलं की पाच ट्रेड करता येतात, म्हणून सहा देश मिळून ट्रेड सर्कल जमवतात. शिवाय ठरावीक संसाधनं एकत्र आली की बोनस: कोळसा आणि लोखंडातून स्टील, पाणी, गहू, लाकूड आणि ॲल्युमिनियम जमलं की बिअर. समोरचा तुमच्याच रंगाचा असेल तर प्रजा जास्त खूश, म्हणजे करही जास्त. चूक होते ती पहिल्याच ऑफरला ‘हो’ म्हणण्यात. सर्कलमधला पाणीवाला खेळ सोडून जातो, बिअर बंद पडते, आणि आपण उत्पन्न का घटलं म्हणून भलतीकडेच शोधत बसतो. आधी ट्रेडचं पान उघडा.

आपल्या रंगात ट्रेड होतच नसेल तर सँक्शन, म्हणजे त्या रंगातली ट्रेडबंदी, लागलंय का पाहा. हा अधिकार त्या रंगाने मतं देऊन निवडलेल्या सेनेटरकडे असतो. त्याच्याशी भांडू नका, कारण विचारा. बहुधा तुमचीच एखादी आगळीक निघेल.

आता माझा मूर्खपणा. रेड, म्हणजे लुटीसाठी होणारा हल्ला, टाळायला मी एका बड्या अलायन्सचं नाव अर्ज न करताच लावून टाकलं. दोन दिवस शांतता, मग त्यांचा निरोप: ‘आमच्या यादीत तुम्ही नाही.’ अशांना घोस्ट म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. मी उत्तर दिलं नाही. सर्व्हरची मध्यरात्र, म्हणजे खेळातला दिवस बदलतो ते अपडेट, गाठून तिघे आले: एक हल्ला बाराच्या आधी, लगेच दुसरा नंतर. बचावाचे स्लॉट तीनच असतात, म्हणजे एका देशावर एका वेळी तिघेच चढाई करू शकतात; तिन्ही भरले. मी पीस मोडकडे, म्हणजे कुणी हल्ला करू शकत नाही त्या स्थितीकडे, धावलो, पण लढाई चालू असताना तिथे जाता येत नाही. युद्ध सात दिवसांचं. हल्लेखोर हुशार असतील तर एक संपायच्या आत पुढचं लावतात आणि तुम्ही अडकून राहता. पीस मोडमध्ये जायचं ते युद्धाची कुणकुण लागताच.

अलायन्समध्ये शिरलात की करार वाचा, पानभरच असतात. एमडीपी (परस्पर संरक्षण करार) असेल तर मित्राला मदतीला यावंच लागतं. ओडीपी (ऐच्छिक संरक्षण करार) असेल तर आले तर आले. हा फरक न बघता भलत्याची कुरापत काढणारे सगळ्यांनाच खड्ड्यात घालतात.

टेक डीलमध्ये, म्हणजे पैसे घेऊन टेक (तंत्रज्ञान) देण्याच्या सौद्यात, मात्र तारीख लिहून ठेवा. टेक जितकं साठेल तितकं महाग होत जातं, म्हणून मोठे देश ते छोट्यांकडून घेतात आणि पैसे आधी पाठवतात. एड स्लॉट, म्हणजे मदत देण्या-घेण्याची जागा, दहा दिवस अडकतो. टेक पाठवायचं विसरलात तर तक्रार तुमच्याकडे येत नाही, थेट तुमच्या अलायन्सच्या म्होरक्याकडे जाते.