नवरा फोर्टात, बायको हिंजवडीत: घर कुठे करावं?

लग्न ठरल्यावर आम्ही दोघांनी फोनवर नकाशा उघडला, मुंबई आणि पुण्याच्या मधे बोट टेकवलं आणि ते लोणावळ्याजवळ पडलं. "ना तुझं गाव, ना माझं. भांडणच मिटलं," नवरा म्हणाला. त्याचं ऑफिस फोर्टात, माझं हिंजवडीत, आणि दोघांनाही आठवड्यातून तीन दिवस हजेरी. अकरा महिन्यांचा करार करून मोकळे झालो. जुलैमध्ये कळलं की लोणावळ्यात टॉवेल वाळत नाहीत. कपाटातल्या बुटांवर हिरवी बुरशी धरते. आणि रविवारी भाजीला निघालं की कुमार चौकात भुशी डॅमला निघालेल्या गाड्यांच्या मागे उभं राहावं लागतं. हे सगळं सोसलं असतं. पण एका रात्री कागद-पेन घेऊन बसलो आणि लक्षात आलं की या मधल्या घराने प्रवासाचा एक तासही वाचवला नव्हता.

तेव्हा जो हिशोब उशिरा केला, तो घर शोधायच्या आधी कसा करायचा ते सांगते. उदाहरण मुंबई-पुण्याचं आहे, कारण तेच मला पाठ आहे. नाशिक-मुंबई किंवा कोल्हापूर-पुणेवाल्यांनी गाड्यांची नावं बदलून घ्यावीत.

पहिली पायरी: दोघांचा खरा आठवडा लिहा

कंपनीच्या पत्रात लिहिलेला नव्हे, प्रत्यक्षातला. कोणत्या वारी जावंच लागतं? किती वाजता पोचलं तर चालतं, किती वाजता उठून निघता येतं? संध्याकाळच्या मीटिंगा असतात का? साहेब बदलला की घरून काम करायची मुभा जाते, असं त्या ऑफिसात आधी घडलंय का? "आमच्याकडे तसं चालतं" हे तोंडी असेल तर ईमेलवर घ्या. माझ्या मैत्रिणीने तोंडी शब्दावर पनवेलला घर घेतलं आणि चार महिन्यांत पाच दिवस हजेरीचा हुकूम आला.

सरकारी नोकरीत असाल तर घर शोधण्याआधी बदलीचे नियम वाचा. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांत पती-पत्नींच्या शाळांमधलं अंतर ३० किलोमीटरपेक्षा जास्त असेल तर त्यांना विशेष संवर्ग भाग दोनमध्ये प्राधान्य मिळतं. केंद्र सरकारी नवरा-बायकोंना शक्यतो एकाच ठिकाणी नेमावं, असं केंद्राच्या कार्मिक विभागाचं ३० सप्टेंबर २००९ चं परिपत्रक सांगतं. "शक्यतो" या शब्दावर फार भिस्त ठेवू नका, पण अर्ज टाकायचा राहायला नको.

दुसरी पायरी: किलोमीटर विसरा, उंबऱ्यापासून खुर्चीपर्यंतची मिनिटं मोजा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. "डेक्कन क्वीनने सव्वातीन तास" असं म्हणणारा माणूस बहुधा कधीतरी सुटीला गेलेला असतो. गाडी पुण्याहून ७:१५ ला सुटते आणि सीएसएमटीला १०:२५ ला पोचते. संध्याकाळी ५:१० ला निघून ८:२५ ला पुण्यात. आता कोथरूडमधला माणूस घ्या. ६:२० ला घराबाहेर, कारण रिक्षा मिळेल याची खात्री नाही. १०:४० ला खुर्चीत. संध्याकाळी ४:५० ला उठायचं आणि रात्री ९:१० ला चपला काढायच्या. रोजचा प्रवास ८ तास ४० मिनिटं, टेबलावर सहा तास दहा मिनिटं! सहा तासांत तुमचं काम उरकतं का, आणि चारला जांभई देत पिशवी भरणारा माणूस साहेबाला चालतो का, हे आधी ठरवा. डायनिंग कारमधलं ऑम्लेट झकास असतं, पण ते आठवड्यातून तीनदा खाल्लं की तोंडाला नकोसं होतं.

आणखी एक गोष्ट वेळापत्रक नीट पाहिल्याशिवाय दिसत नाही. पुण्यात राहून मुंबईत नोकरी करणाऱ्याला सकाळी एकामागून एक गाड्या आहेत: सिंहगड ६:०५, डेक्कन क्वीन ७:१५, प्रगती ७:५०. उलट मुंबईत राहून पुण्यात नोकरी करायची तर ऑफिसच्या वेळेला इंटरसिटीचाच काय तो आधार. सीएसएमटीहून ६:४० ला सुटून ती दहाच्या सुमारास पुण्यात येते आणि परत ५:५५ ला निघते. ती चुकली की दिवस गेला. शिवाय पुणे स्टेशनवर उतरलेला माणूस हिंजवडीत पोचत नाही, त्याला अजून तासभर लागतो. म्हणजे रुळावरचं अंतर दोन्हीकडून १९२ किलोमीटरच, पण दोन्ही दिशा सारख्या नाहीत. (वेळापत्रक मधूनमधून बदलतं, ठरवण्याआधी एकदा पाहून घ्या.)

मोजणी सोमवारी सकाळी किंवा गुरुवारी संध्याकाळी करा. रविवारी दुपारी गाडी काढून "अरे, दोन तासांत आलो की" म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. आणि पावसाळा धरा. २०१९ च्या पावसाळ्यात बोरघाटात मंकी हिलच्या आसपास दरडी कोसळल्या आणि मुंबई-पुण्याच्या गाड्या कित्येक दिवस रद्द होत्या.

तिसरी पायरी: चारही पर्याय एकाच मापाने तोला

पर्याय चारच असतात: त्याचं शहर, तिचं शहर, मधलं गाव किंवा दोन घरं. प्रत्येकासाठी दोघांच्या आठवड्याच्या प्रवासाची बेरीज करा. आमचा कागद असा होता, दोघांचे तीन-तीन दिवस धरून.

लोणावळा: मला स्टेशनपर्यंत पंधरा मिनिटं, मग पुण्याची लोकल, आकुर्डीला उतरून बस. दोन तास. त्याला सीएसएमटीपर्यंतची गाडी आणि दोन्हीकडचं चालणं मिळून तीन. आठवड्याची बेरीज १२ आणि १८, एकूण ३० तास.

चिंचवड, त्याने रोज जाऊन-येऊन: मला पाऊण तास, त्याला सिंहगड एक्सप्रेसने चार तास. साडेचार आणि २४, एकूण साडेअठ्ठावीस.

म्हणजे माझ्या दारापर्यंत येऊन थांबलो असतो तरी दोघांचा प्रवास लोणावळ्यापेक्षा कमी होता. त्याचं कारण घाटात आहे. मुंबईची लोकल कर्जत-खोपोलीपर्यंत येते, पुण्याची लोणावळ्यापर्यंत. मधल्या घाटात लोकल नाही, फक्त लांब पल्ल्याच्या गाड्या. नकाशावरचा मध्य म्हणजे दोन्ही लोकलच्या शेपटांमधली फट. तिथे राहणारा दोघांपैकी निदान एक जण कायम एक्सप्रेसच्या मर्जीवर.

खारघर किंवा पनवेल: खरा मधला पर्याय घाटाच्या खाली आहे. त्याला हार्बर लाइनने दारापासून दारापर्यंत दीड तास. मला एक्सप्रेसवेने सव्वादोन. ९ आणि साडेतेरा, एकूण साडेबावीस. हे जमतं ते हिंजवडीमुळे. एक्सप्रेसवे कळंबोलीपासून किवळेपर्यंत ९४.५ किलोमीटर आहे आणि किवळ्याहून हिंजवडी जवळ पडते. माझं ऑफिस खराडीला असतं तर अख्खं पुणे ओलांडावं लागलं असतं आणि हा पर्याय बाद झाला असता. कारचा टोल एका बाजूला ३२० रुपये, म्हणजे जाऊन-येऊन ६४०, पेट्रोल वेगळं. कंपनीची बस पनवेलहून आहे का, हे आधी विचारा. असेल तर सगळं गणित फिरतं. आणि मुंबईचं ऑफिस शिवडी-परळकडे असेल तर जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतूही हिशोबात घ्या, त्याचा टोल कारला एका फेरीचे २५० रुपये.

चिंचवडला घर आणि त्याला मुंबईत दोन रात्रींची खोली: माझे साडेचार, त्याची आठवड्यातून एकच फेरी, आठ तास. एकूण साडेबारा, खोलीपासून ऑफिसपर्यंतचं चालणं धरून तेरा.

तीस, साडेअठ्ठावीस, साडेबावीस, तेरा. आकडे असे ओळीने लिहिल्यावर वाद निम्मा झाला. उरलेला निम्मा आकड्यांचा नव्हताच.

चौथी पायरी: दुपारी फोन आला तर तासाभरात घरी कोण?

शाळेतून फोन, मुलाला ताप. किंवा सासूबाई बाथरूममध्ये पडल्या. तुमच्या यादीतल्या ज्या पर्यायात याचं उत्तर "कोणीच नाही" असं येतं, तो खोडा. आमच्यासाठी खारघर इथेच गेलं. माझ्या ऑफिसच्या दिवशी मी घाटापलीकडे, तो फोर्टात. मूल नसताना चाललं असतं, पण तेव्हा सहावा महिना होता.

आई-वडील किंवा सासू-सासरे जिथे आहेत ते शहर बहुतेक वेळा जिंकतं, आणि जिंकू द्यावं असं माझं मत. फक्त त्यांना गृहीत धरू नका. "आई आहेच की" हे वाक्य आईसमोर बोलून पाहा. आमच्या आईने विचार करायला दोन दिवस घेतले, मग म्हणाली, "संध्याकाळी सहानंतर मात्र मला भजनाला जायचं असतं." पाळणाघर म्हणून आम्ही सहापर्यंतचंच शोधलं.

मूल शाळेत जायला लागलं असेल तर वर्ष मधेच तोडू नका. घर बदलायचं ते उन्हाळ्याच्या सुटीत.

पाचवी पायरी: दुसऱ्या घराचा खर्च पूर्ण मांडा

भाडं आणि डिपॉझिट सगळे मांडतात. राहून जातात त्या बारीक गोष्टी. घरगुती गॅसची जोडणी एका कुटुंबाला एकच, त्यामुळे दुसरीकडे इंडक्शन किंवा ५ किलोचा छोटा सिलिंडर. दुसरं वायफाय, दुसरी गादी, दुसरी कुकरची शिट्टी. दोन रात्रींसाठी अख्खा फ्लॅट घेऊ नका. पेइंग गेस्ट किंवा दोघा-तिघांत वाटून घेतलेली खोली पुरते. एक घर नीट असू द्या, दुसरं फक्त झोपायला.

करार कितीही महिन्यांचा असो, लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी महाराष्ट्रात सक्तीची आहे (भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५). "अकराच महिने आहेत, कशाला" म्हणणाऱ्या मालकाला नम्रपणे नकार द्या. करारातलं लॉक-इनचं, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी घर सोडलं तरी भाडं भरायचं, हे कलम वाचा. आम्ही वाचलं नाही आणि सहाव्या महिन्यात निघायचं ठरवलं तेव्हा उरलेल्या पाच महिन्यांचं भाडं समोर आलं. तीन महिन्यांपेक्षा जास्त लॉक-इन मान्य करू नका.

घरभाडे भत्त्यावरची करसवलत फक्त जुन्या करप्रणालीत आहे. दोघंही आपापल्या घराचं भाडं खरोखर भरत असाल तर दोघांना आपापल्या भाड्यापुरती ती घेता येते. कोणती करप्रणाली कोणाला परवडते, ते दोघांचं वेगवेगळं काढा.

सहावी पायरी: विकत घेण्याआधी एक पावसाळा भाड्याने काढा

दोघांपैकी एकाची तरी नोकरी पुढच्या दोन-तीन वर्षांत बदलणार आहे, असं धरून चाला. घर मात्र बदलत नाही, हप्ता तर नाहीच. घ्यायचंच ठरलं तर ज्या शहरात दुसरी नोकरी सहज मिळेल तिथे घ्या. आणि दस्त बायकोच्या नावावर करता येत असेल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे, तेही विचारात घ्या.

सातवी पायरी: फिरण्याचे नियम घरातल्या घरात ठरवा

याबद्दल कोणी बोलत नाही. आमच्याकडे पहिले सहा महिने गुरुवारी रात्री नवरा पाहुण्यासारखा यायचा. मी दार उघडायचे, ताट वाढायचे आणि तीन दिवसांच्या तक्रारी त्याच ताटात. तो जेवता जेवता मान डोलवायचा आणि अर्ध्या तासात सोफ्यावर झोपलेला. मग ठरवलं: गुरुवारी फक्त जेवण. बिलं, दुरुस्त्या, सासर-माहेर हे सगळं शनिवारी सकाळी चहाबरोबर. रोज रात्री नऊला फोन, पाच मिनिटांचा असला तरी चालेल. आणि दर दीड महिन्याने एक शनिवार-रविवार मी मुंबईला जायचं, त्याने यायचं नाही. या शेवटच्या नियमासाठी मला भांडावं लागलं नाही, त्यानेच मागितला होता.

कोणी किती फिरायचं हे पगारावरून ठरवू नका. ज्याचा पगार जास्त त्याचं शहर, हा हिशोब कागदावर सोपा वाटतो. पण पगार दरवर्षी बदलतो आणि मनातली अढी तशीच राहते.

शेवटी एक तारीख लिहा. ठरलेली व्यवस्था कायमची नाही, पुन्हा कधी बसायचं ते आजच ठरवा. आमच्या फ्रिजवर कालनिर्णयाचं मे महिन्याचं पान आधीच फाडून लावलेलं आहे. दुसऱ्या रविवारवर लाल गोल, त्यात लिहिलंय: "घर?" खाली मुलीने पेन्सिलने बस काढली आहे. ती ट्रेन आहे, असं तिचं म्हणणं.