औषधाची टार्गेट शोधताना या चुका टाळा

औषध शरीरातल्या ज्या प्रथिनाला चिकटून काम करतं, ते त्याचं टार्गेट. ती शोधायच्या प्रोजेक्टचे दिवस आले की विद्यार्थ्यांकडून तोच निकाल माझ्यासमोर येतो. रेणू हळदीतला कर्क्युमिन. तो स्विसटार्गेटप्रेडिक्शन या टार्गेटचा अंदाज देणाऱ्या ऑनलाइन टूलमध्ये टाकायचा, शंभर प्रथिनांची यादी घ्यायची, ती एनरिचमेंटला द्यायची, म्हणजे पेशीतल्या कोणत्या पाथवेची (एकत्र काम करणाऱ्या प्रथिनांच्या साखळीची) प्रथिनं यादीत अपेक्षेपेक्षा जास्त आहेत ते बघायचं. सगळ्यात वर येतो कर्करोगाचा पाथवे.

एका मुलीने तर पोस्टरही छापून आणलं होतं. मी विचारलं, "अगं, बॅकग्राउंड, म्हणजे यादीची तुलना ज्या संचाशी करायची तो, काय घेतलंस?" ती म्हणाली, "मॅडम, आधीपासून जे होतं तेच." म्हणजे माणसाची सगळी, वीसेक हजार जनुकं. पण हे टूल फक्त अशाच प्रथिनांचा अंदाज देतं ज्यांना चिकटणारे रेणू आधीच माहीत आहेत. उंदराची प्रथिनं धरूनही ती तीनेक हजारच भरतात. त्यात कायनेजांची, म्हणजे कर्करोगाशी बऱ्याचदा जोडल्या जाणाऱ्या एन्झाइमांची गर्दी, कारण औषध कंपन्या वर्षानुवर्षं त्यांच्याच मागे आहेत. मग यादीत कर्करोग दिसणारच, रेणू कोणताही असो! टूलला माहीत असलेली मानवी प्रथिनं बॅकग्राउंड म्हणून दिली आणि तिचे वरचे बहुतेक पाथवे गळून पडले. पोस्टर गुंडाळताना तिचा चेहरा पाहवेना. सुरुवातीलाच अर्धा तास दिला असता तर ही वेळ आली नसती. त्यातून कर्क्युमिन बऱ्याच चाचण्यांत खोटा सिग्नल देतो, म्हणून मी अंदाजाच्या यादीआधी प्रत्यक्ष मोजलेले आकडे बघते.

तेही नीट बघा. केम्बल या मोजलेल्या आकड्यांच्या डेटाबेसमधून आयसी-५० (प्रथिनाचं काम निम्मं दाबायला लागणारी मात्रा) उतरवताना घाईत '>' या 'पेक्षा जास्त' चिन्हाचा कॉलम उडवतात. '> १०,००० नॅनोमोलर' याचा अर्थ तेवढ्या मात्रेलाही प्रथिन निम्मं दबलं नाही. चिन्ह गेलं की तोच निष्क्रिय रेणू 'कमजोर इन्हिबिटर' (प्रथिनाला थोडंफार दाबणारा) होऊन बसतो. मी हा कॉलम कधीच काढत नाही आणि तुलनेला पीकेम्बल आकडा घेते, म्हणजे तीच मात्रा लॉग मापात. ६ म्हणजे १ मायक्रोमोलर.

स्टिच या रेणू-प्रथिन संबंधांच्या डेटाबेसमधला एकत्रित स्कोअर पाहून नेटवर्कच्या चित्रात दोघांना जोडणारी रेषा ओढू नका. दोन नावं शोधनिबंधाच्या एकाच सारांशात आली एवढ्यावरही तो वाढतो. प्रयोगाचा स्कोअर वेगळा बघा.

जनुकांची यादी एक्सेलमध्ये सरळ उघडू नका. 'सेप्ट२' या जनुकाच्या नावाची २ सप्टेंबर ही तारीख होते. नाव आता 'सेप्टिन२' केलंय, पण जुन्या फायली तशाच आहेत.

आणि क्षार तपासा. इमॅटिनिब या कर्करोगाच्या औषधाचं रेणुभार ४९३.६, त्याच्या मेसिलेट क्षाराचं ५८९.७. बाटलीवर मेसिलेट असताना हिशोब पहिल्या आकड्याने केला, तर द्रावण सहाव्या हिश्श्याने पातळ निघतं.