अपडेट फसलं? लॅपटॉपवर हे उद्योग करू नका

स्क्रीनवर गोल फिरणारे ठिपके, खाली '३५ टक्के पूर्ण, कॉम्प्युटर बंद करू नका' ही ओळ, आणि समोर पॉवरच्या बटणावर बोट ठेवून बसलेला माणूस. फसलेल्या अपडेटची निम्मी रामायणं इथूनच सुरू होतात. विंडोजचं अपडेट आपलं आपण फसलं, तर बऱ्याचदा ते आपलं आपण मागेही फिरतं, तशी सोय त्यात केलेली असते. पहिल्या अर्ध्या तासात घाबरून केलेल्या उद्योगांना मात्र मागे फिरायची सोय नसते. डेटा जातो तो तिथे.

'अडकलंय' म्हणून बटण दाबणं

ही सगळ्यात जुनी चूक, आणि कितीही सांगा, थांबत नाही. टक्क्यांचा आकडा म्हणजे घड्याळ नव्हे. मधल्या एखाद्या टप्प्यात हजारो छोट्या फाइली इकडच्या तिकडे होतात, ड्रायव्हर नव्याने बसतात, आणि तेवढा वेळ आकडा जागचा हलत नाही. एसएसडी असेल तर दोन तास, जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर चार तास बटणाला हात लावायचा नाही, हा साधा नियम पाळा. तेवढा वेळ नसेल तर अपडेट सुरूच करू नका; उद्या सकाळी प्रेझेंटेशन आहे आणि रात्री साडेअकराला 'अपडेट अँड रीस्टार्ट' दाबलं, तर दोष अपडेटचा नाही.

खरंच अडकलंय का, हे बघायचं कसं? डिस्कचा दिवा असेल तर तो अधूनमधून तरी लुकलुकतो का ते बघा. दिवा नसेल तर पंख्याचा आवाज कमीजास्त होतो का, ते ऐका. कॅप्स लॉक दाबून त्याचा दिवा लागतो-विझतो का, तेही पाहा. कॅप्स लॉकला दाद नाही, डिस्क तासभर निपचित, आणि वर सांगितलेले तासही उलटून गेलेत, एवढं सगळं जुळलं तरच पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. काही मॉडेलना पंधरा-वीस सेकंदही लागतात.

दोन स्क्रीन अशा आहेत की तिथे हा नियमही चालत नाही. पहिली 'बदल रद्द करत आहोत' अशा अर्थाची. ती दिसली की लोक म्हणतात, फसलंच आहे ना, मग करा बंद! अहो, तेव्हाच तर ते घरी परत येतंय. जुन्या फाइली आणि जुनी रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगांची वही) जागेवर ठेवण्याचं काम अर्ध्यात तुटलं की मशीन नव्या आवृत्तीचं राहत नाही आणि जुन्याचंही नाही. दर वेळी सुरू होताना ते अर्धवट काम पुरं करायला जातं, तिथेच पडतं, पुन्हा सुरू होतं. ज्याला सगळे 'बूट लूप' म्हणतात तो बहुतेक वेळा असा हाताने बनवलेला असतो.

दुसरी स्क्रीन लॅपटॉप कंपनीच्या लोगोची, खाली 'फर्मवेअर' किंवा 'बायोस' (मशीन सुरू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) अपडेट असं लिहिलेली. हल्ली बायोसही विंडोज अपडेटमधूनच येतं. इथे वीज तुटली तर मदरबोर्डवरची चिप अर्धवट लिहिलेली राहते, आणि काही लॅपटॉपना त्यातून सावरायची वेगळी सोय असली तरी सगळ्यांना नसते. चार्जर लावलेला हवा, बॅटरी निम्म्याच्या वर हवी, झाकण उघडं हवं. आणि चार्जर नुसता खोचलेला नको, बटण चालू आहे का तेही बघा. हसू नका, हे होतं.

लूपमध्ये सापडल्यावर आंधळेपणाने सगळे पर्याय दाबत सुटणं

विंडोज दोनतीनदा लागोपाठ नीट सुरू झालं नाही की आपोआप रिकव्हरीची निळी स्क्रीन येते. तिथे 'ट्रबलशूट', मग 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. पुढे दोन बटणं आहेत. महिन्याचं नेहमीचं अपडेट फसलं असेल तर 'क्वालिटी अपडेट' काढायचं; आवृत्तीच बदलत होती तर 'फीचर अपडेट'. साध्या मासिक पॅचसाठी फीचर अपडेट काढायला निघालेले महाभाग कमी नाहीत. 'स्टार्टअप रिपेअर' एकदा चालवून बघा. पाच वेळा चालवल्याने ते जास्त हुशार होत नाही.

अनइन्स्टॉलही फसलं तर कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे हुकूम टाइप करायची काळी खिडकी. पण आधी एक गोष्ट तपासा: रिकव्हरीमध्ये तुमची नेहमीची सी ड्राइव्ह सी असेलच असं नाही. ती डी किंवा ई या नावानेही दिसते. 'डीआयआर सी कोलन' टाइप करून 'विंडोज' आणि 'यूझर्स' ही फोल्डरं दिसतात का ते बघा, नाहीतर पुढचं अक्षर. ड्राइव्ह सापडली की 'डिस्म'ला (विंडोजचंच दुरुस्तीचं अवजार) ती 'इमेज' म्हणून द्या आणि पुढे 'क्लीनअप-इमेज' व 'रिव्हर्टपेंडिंगअ‍ॅक्शन्स' हे स्विच लावा. अर्धवट राहिलेली कामं त्याने रद्द होतात. ही कमांड फक्त विंडोज सुरूच होत नसेल तेव्हासाठी आहे. चालू मशीनवर गंमत म्हणून मारायची नाही.

पेनड्राइव्ह लावून सरळ नवं विंडोज टाकणं

या चुकीबद्दल जरा सविस्तर बोलू, कारण इथे नुसता वेळ जात नाही, दहा वर्षांचे फोटो जातात.

पटकथा ठरलेली असते. अपडेट होतं, लॅपटॉप सुरू होतो, आणि निळ्या स्क्रीनवर बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की मागितली जाते. ४८ आकडे, सहा-सहाचे आठ गट. मालक म्हणतो, मी बिटलॉकर कधी लावलंच नाही. त्याचं म्हणणं खोटं नसतं. बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने पहिल्यांदा लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन (हेच कुलूप) आपोआप चालू होतं, आणि मालकाला कुणी विचारत नाही. मग कुणीतरी 'अनुभवी' मित्र दुसऱ्या कॉम्प्युटरवर ८ जीबीचा पेनड्राइव्ह बनवून आणतो. त्यावरून मशीन सुरू होतं. 'अपग्रेड' चालत नाही, म्हणून 'कस्टम'. समोर पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या भागांची, यादी येते: शंभरेक एमबीचं सिस्टिम, मोठं मुख्य, शेवटी काहीशे एमबीचं रिकव्हरी. सगळं एकेक करून डिलीट. 'अनअलोकेटेड' अशी एकच ओळ उरते. नेक्स्ट. पंधरा-वीस मिनिटांत चकचकीत नवं विंडोज, आणि मित्राच्या पाठीवर थाप.

संध्याकाळी मालक विचारतो, डेस्कटॉपवरचं फोल्डर कुठे गेलं? रिकव्हरी सॉफ्टवेअर लावतात. पण डिस्कवर जे होतं ते एन्क्रिप्टेड होतं, पार्टिशनसोबत त्याचं कुलूपही गेलं, आणि एसएसडीने रिकामे झालेले ब्लॉक स्वतःहून पुसायला घेतले. चार दिवसांनी की सापडते. कॉलेजच्या जुन्या अकाउंटमध्ये, अगदी शाबूत. आता ती लावणार कुठे?

म्हणून ती निळी स्क्रीन आली की आधी फोनने तिचा फोटो काढा. त्यावर 'की आयडी' असतो, त्याची पहिली आठ अक्षरं महत्त्वाची. मग मायक्रोसॉफ्टच्या साइटवर आपल्या अकाउंटमध्ये 'डिव्हायसेस'खाली बिटलॉकरच्या कीज बघा आणि आयडी जुळवा. तिथे नसेल तर 'नाहीच' असं ठरवू नका. लॅपटॉप पहिल्यांदा ज्याच्या अकाउंटने सेटअप झाला, त्याच्याकडे की असते: भाऊ, कॉलेज, जुनं ऑफिस. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटीवाल्यांना विचारा.

हे कपोलकल्पित नाही. जुलै २०२४च्या विंडोज सुरक्षा अपडेटनंतर काही मशीन थेट या की-स्क्रीनवर उभ्या राहिल्या. ऑगस्टच्या अपडेटने ते दुरुस्त झालं. त्याच जुलैत, १९ तारखेला, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष फाइलने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन आडव्या पाडल्या. उपाय एक फाइल डिलीट करण्याइतका सोपा होता. पण जिथे ४८ आकडे हाताशी नव्हते, तिथे त्या फाइलपर्यंत पोचणंच अवघड होऊन बसलं. आज तुमचा लॅपटॉप ठणठणीत असेल तर आत्ताच की कागदावर उतरवा. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर नको!

की आहे पण विंडोज सुरू होत नाही, अशा वेळी दुरुस्तीआधी डेटा बाहेर काढा. रिकव्हरीच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नोटपॅड' टाइप करा, एंटर. फाइल, ओपन, आणि खाली 'ऑल फाइल्स' निवडा. ही ओपनची खिडकी म्हणजे छोटं एक्सप्लोररच. इथून फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी, आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवर पेस्ट. किती झालं हे दाखवणारी पट्टी येत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते. हार्ड डिस्कचा दिवा बघत बसा आणि पुन्हा पहिला मुद्दा आठवा.

आणि तो पेनड्राइव्ह वाईट नाही, वापरायची पद्धत चुकते. विंडोज कसंबसं सुरू होत असेल तर त्यावरून बूट करायचं नाही. विंडोजमध्ये जाऊन त्यातलं 'सेटअप' चालवायचं आणि 'फाइली आणि अ‍ॅप ठेवा' हा पर्याय घ्यायचा. विंडोज त्याच जागी नव्याने बसतं, सामान हलत नाही. हा पर्याय फिका दिसला तर बहुधा पेनड्राइव्हवरची भाषा किंवा एडिशन वेगळी आहे, किंवा आवृत्ती जुनी आहे. घाईने 'काहीच नको'वर टिक करू नका.

जागा करायच्या नादात

मोठ्या अपडेटआधी सी ड्राइव्हवर निदान २० जीबी मोकळे हवेत. एरर ०एक्स८००७००७० आला तर जागा संपली, एवढाच त्याचा अर्थ. त्यासाठी मंत्रतंत्र नको. पण डिस्क क्लीनअपमध्ये सगळ्या टिक मारून ओके करू नका. काही आवृत्त्यांत त्या यादीत तुमचं 'डाउनलोड्स' फोल्डरही असतं. 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' पुसलं तर मागच्या आवृत्तीवर जायचा रस्ता बंद. तो रस्ता तसाही दहाच दिवस उघडा असतो. 'विनएसएक्सएस' हे विंडोजच्या स्वतःच्या फाइलींच्या साठ्याचं फोल्डर हाताने डिलीट करणाऱ्यांना काय सांगावं, कळत नाही.

काही किरकोळ, पण रोजच्या

'एसएफसी स्कॅननाऊ' (विंडोजच्या फाइली तपासून दुरुस्त करणारी कमांड) आधी आणि 'डिस्म' नंतर, हा उलटा क्रम. ज्या साठ्यातून एसएफसी फाइली घेतं तोच खराब असेल तर ते काय दुरुस्त करणार? आधी डिस्मचं 'रिस्टोअरहेल्थ', मग एसएफसी. ६२ टक्क्यांच्या आसपास डिस्म रेंगाळतं, रेंगाळू द्या.

'सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशन' (उतरवलेली अपडेट जिथे साठतात ते) फोल्डर डिलीट करणं. आधी अपडेटची सर्व्हिस आणि 'बिट्स' (मागे डाउनलोड करणारी सर्व्हिस) थांबवा, मग त्याचं नाव बदलून शेवटी 'ओल्ड' लावा. चार दिवस सगळं सुरळीत चाललं की पुसा.

एरर ०एक्ससी१९००१०१ ने सुरू होत असेल तर संशय ड्रायव्हरवर घ्या. प्रिंटर, डॉक, एसडी कार्ड, सगळं काढा, बाहेरचा अँटिव्हायरस अनइन्स्टॉल करा, मग पुन्हा प्रयत्न. 'ड्रायव्हर अपडेटर' नावाची फुकट सॉफ्टवेअरं टाकू नका. एका क्लिकमध्ये सगळं दुरुस्त करणाऱ्या स्क्रिप्टही नकोत. त्यांनी नेमकं काय बदललं हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

अपडेटच्या हट्टापायी पार्टिशन कापायला बसणं. जानेवारी २०२४च्या एका अपडेटला रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळे हवे होते, नसतील तर ०एक्स८००७०६४३. विंडोज व्यवस्थित चालू असताना, नुसता तो लाल एरर दिसू नये म्हणून बॅकअप न घेता पार्टिशनला हात घालायची काही गरज नव्हती.

रिकव्हरीवर डोळे मिटून भरवसा ठेवणं हीसुद्धा चूक. १४ ऑक्टोबर २०२५च्या विंडोज ११च्या अपडेटने रिकव्हरी स्क्रीनवर यूएसबी माउस आणि कीबोर्ड चालेनासे केले. आठवडाभराच्या आत, २० तारखेला, दुरुस्ती आली. दुरुस्तीचं घरच बंद! पेनड्राइव्ह आधी बनवून ठेवा असं म्हणतात ते यासाठी.

मॅक आणि लिनक्सवाल्यांनीही हसू नये

मॅकओएस अपडेटमध्ये पडलं तर रिकव्हरीत जाऊन 'रीइन्स्टॉल' केल्याने डेटा जात नाही. 'इरेज' आधी दाबला तर जातो. अ‍ॅपल सिलिकॉनवर (कंपनीच्या स्वतःच्या चिपच्या मॅकवर) पॉवर बटण दाबून धरलं की रिकव्हरी येते. तेही जमलं नाही आणि दुसरा मॅक जोडायची वेळ आली तर 'रिव्हाइव्ह' आणि 'रिस्टोअर' या दोन शब्दांतला फरक आधी वाचा. पहिला डेटा ठेवतो, दुसरा धुऊन काढतो.

उबंटूवर अपडेट मध्येच तुटलं की 'लॉक मिळत नाही' असं येतं, आणि इंटरनेटवरचा पहिला सल्ला असतो लॉक फाइल उडवा. आधी दुसरं एखादं अपडेट मागे चालू नाही ना, ते बघा. नसेल तर 'डीपीकेजी'ला (पॅकेजं बसवणारं अवजार) 'कॉन्फिगर' आणि 'ए' हे स्विच देऊन अर्धवट पॅकेजं पुरी करा. सुरूच होत नसेल तर ग्रबच्या (सुरू होतानाच्या मेन्यूच्या) 'अ‍ॅडव्हान्स्ड'मधून जुना कर्नल (सिस्टिमचा गाभा) निवडा आणि बूट पार्टिशन भरलंय का ते तपासा. बऱ्याचदा तेच असतं.

विंडोजवाल्यांसाठी एक राहिलं. बिघडलेलं अपडेट काढून मशीन सुरू झालं की लगेच 'पॉज अपडेट्स' करा, निदान दोन आठवडे. नाहीतर तेच अपडेट रात्रीतून पुन्हा उतरतं, आणि सकाळी पुन्हा तेच ३५ टक्के.