बॉन्डेड गोदामाचा हिशेब कसा ठेवावा: न्हावा शेवा पट्ट्यातल्या वेअरहाउस कीपरसाठी

उरण, द्रोणागिरी, पनवेल, तळोजा या पट्ट्यात न्हावा शेवा बंदरातला माल शुल्क न भरता ठेवता येतो अशी परवानाधारक, म्हणजे बॉन्डेड, गोदामं आहेत. सीमाशुल्क कायदा, 1962 च्या कलम 57 खाली सार्वजनिक, 58 खाली खासगी आणि 58ए खाली विशेष गोदामाचा परवाना मिळतो. विशेष गोदामावर आजही कस्टम्सचं कुलूप असतं. पहिल्या दोन प्रकारांत 2016 पासून ते कुलूप गेलं आणि त्याची जागा नोंदीने घेतली. बॉन्ड ऑफिसर (गोदामावर देखरेख ठेवणारा कस्टम्सचा अधिकारी) रोज गोदामात येत नाही, तुमचे आकडे बघून मालावर लक्ष ठेवतो. माल विनापरवाना बाहेर गेल्याचं ठरलं तर कलम 73ए प्रमाणे शुल्क, व्याज आणि दंड परवानाधारकावर येतो, मग मालक कोणीही असो. म्हणून खाली जे लिहिलं आहे ते नुसतं कारकुनी काम समजू नका.

हिशेब कशाचा ठेवायचा

साध्या गोदामात हिशेब वस्तूचा असतो: अमुक तेलाची इतकी कार्टन शिल्लक. बॉन्डेड गोदामात तो बिल ऑफ एंट्रीचा असतो, म्हणजे आयातदार कस्टम्सकडे भरतो त्या मालाच्या घोषणापत्राचा (बीई). एकच वस्तू दोन वेगळ्या इन-बॉन्ड (माल गोदामात ठेवण्यासाठी भरलेल्या) बीईवर आली, तर कस्टम्सच्या लेखी ते दोन वेगळे माल आहेत. बॉन्ड (शुल्काबद्दल आयातदाराने दिलेलं हमीपत्र), मुदत, व्याज आणि विनिमय दर हे सगळं त्या-त्या बीईला चिकटलेलं असतं. सॉफ्टवेअर घेताना पहिला प्रश्न हाच विचारा: शिल्लक बीईनिहाय आणि बीईमधल्या आयटमनिहाय निघते का? फक्त वस्तूनिहाय निघत असेल तर ते बॉन्डच्या कामाचं नाही, कितीही देखणं असलं तरी.

दुसरी अडचण एककाची. समजा ऑलिव्ह तेलाची 480 कार्टन आली, प्रत्येकात एक लिटरच्या 12 बाटल्या. माथाडी कामगार 480 मोजतील, तुमची सिस्टिम 5,760 बाटल्या धरेल आणि बीईवर वजन असेल, साधारण 5,276 किलो, कारण हे तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. तिन्ही आकडे बरोबर आहेत. पण आवक कार्टनमध्ये आणि जावक किलोमध्ये लिहिली, की सहा महिन्यांत शिल्लक जुळेनाशी होते. आवक होताच रूपांतराचा आकडा त्या बीईपुरता पक्का करा (इथे एक कार्टन म्हणजे 10.99 किलो) आणि शेवटचं कार्टन जाईपर्यंत बदलू नका. शेवटच्या जावकीत उरलेलं सगळं वजन टाका, म्हणजे दशांशाची तूट राहत नाही.

नोंदीचा ठरलेला नमुना 2016 च्या 25 क्रमांकाच्या कस्टम्स परिपत्रकात फॉर्म ए म्हणून दिला आहे. रकाने पुष्कळ आहेत, पण रिकामे राहतात ते नेहमी तेच: पॅकेजवरच्या खुणा आणि क्रमांक, कलम 60(1) च्या आदेशाची (माल गोदामात ठेवायच्या परवानगीची) तारीख, वन-टाइम लॉकचा (गाडीला लावायच्या, एकदाच वापरता येणाऱ्या कुलपाचा) क्रमांक, सरकारी यंत्रणेने काढलेले नमुने, आणि जावकीची वेळ. तारखेबरोबर वेळही लागते, हे बऱ्याच ठिकाणी सुटतं.

ट्रेलर डॉकवर लागला की

दार उघडण्याआधी लॉक बघा. क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी अंकाअंकाने ताडा, लॉक हाताने ओढून बघा, आणि क्रमांक व ट्रेलरची नंबरप्लेट दोन्ही दिसतील असा फोटो काढा. लॉक तुटलेलं असेल किंवा क्रमांक जुळत नसेल, तर माल उतरवू देऊ नका. ताबडतोब अधिकाऱ्याला कळवा. ड्रायव्हर घाई करेल, रांग लागेल, पण उतरवलेल्या मालाबद्दल नंतर काहीही सिद्ध करता येत नाही.

लॉक ठीक असेल तर माल उतरवताना मोजणी बीईवरच्या संख्येशी ताडायची. फरक निघाला तर 24 तासांत बॉन्ड ऑफिसरला कळवायचा, ही मुदत नियमातच आहे. तीन फुटक्या बाटल्या ‘किरकोळ’ म्हणून सोडून देणं ही इथली सगळ्यात महागडी सवय. त्या बाटल्या वर्षभराने शिल्लक मोजताना कमी भरतील, आणि तेव्हा त्या फुटलेल्या होत्या की बाहेर गेल्या, हे सांगायला तुमच्याकडे काही नसेल. फुटकी कार्टन वेगळी काढा. तेल झिरपून खालची कार्टन मऊ झाली असतील तर तीही लिहा. फोटो बीई क्रमांकाच्या फोल्डरमध्ये ठेवा.

मग बीईवर मिळालेली संख्या लिहून प्रत ठेवायची, वाहतुकीच्या कागदावर पोच देऊन त्याचीही प्रत ठेवायची, नोंद चढवायची आणि पोच बंदरावरच्या अधिकाऱ्याकडे व बॉन्ड ऑफिसरकडे पोहोचती करायची. पोच पाठवणं राहिलं तर आयातदार अडकतो: महिन्याभरात, किंवा वाढवून मिळालेल्या मुदतीत, ती सादर झाली नाही तर त्याला पूर्ण शुल्क भरावं लागतं.

थप्पी आणि थप्पीवरचं कार्ड

एका थप्पीत एकच बीई. जागा कमी असली तरी हा नियम मोडू नका. थप्पीच्या दर्शनी बाजूला कार्ड लावा. त्यावर बीई क्रमांक व तारीख, बॉन्ड क्रमांक, मालकाचं नाव, आयटम, आलेली कार्टन, शिल्लक कार्टन आणि मुदत संपण्याची तारीख हवी. फोर्कलिफ्ट चालवणारा संगणक बघत नाही, तो कार्ड बघतो. म्हणून मुदतीची तारीख लांबून वाचता येईल एवढी मोठी लिहा. पावसाळ्यात खाडीकडच्या दमट हवेत साधं कागदी कार्ड दोन आठवड्यांत गळून पडतं, तेव्हा ते प्लॅस्टिकच्या पाकिटात घाला. खालच्या पॅलेटची कार्टन दबली तर खुणा वाचता येत नाहीत, त्यामुळे ओलाव्याच्या महिन्यांत थप्पीची उंची एक थर कमी ठेवा.

मालकाला कलम 64 प्रमाणे माल तपासणं, वर्गवारी करणं, खराब होऊ नये म्हणून खोकी बदलणं, विक्रीसाठी दाखवणं हे करता येतं. करू द्या, पण प्रत्येक कामाची नोंद त्याच दिवशी करा. 12 बाटल्यांची खोकी 6 ची झाली आणि नोंद राहिली, तर कार्टनची शिल्लक आपोआप दुप्पट दिसते.

तारखांचा रकाना

घड्याळ सुरू होतं ते कलम 60(1) च्या आदेशापासून. माल गोदामात कधी आला याच्याशी मुदतीचा संबंध नाही, आणि ही गल्लत फार होते. आदेश 12 जून 2025 चा असेल तर 90 दिवस 10 सप्टेंबरला भरतात आणि माल ठेवण्याचं एक वर्ष जून 2026 मध्ये. 90 दिवसांनंतर शुल्कावर दरसाल 15 टक्के व्याज चढतं. त्यातला काही माल 9 नोव्हेंबरला, म्हणजे 150 व्या दिवशी सोडवला आणि त्यावरचं शुल्क 6,00,000 रुपये निघालं, तर 60 दिवसांचं व्याज सुमारे 14,795 रुपये होतं. माल निर्यात झाला तर आयात शुल्कच लागत नाही, त्यामुळे व्याजही नाही.

वर्षाची मुदत आयुक्त एका वेळी जास्तीत जास्त एक वर्षाने वाढवू शकतात, पण अर्ज मुदत संपण्याआधी हवा. ज्या महिन्यात मुदत संपते त्याच्या आधीच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत अशा मालाची यादी फॉर्म बी मध्ये बॉन्ड ऑफिसरला द्यायची असते. वरच्या उदाहरणात ती तारीख 10 मे 2026. त्याच दिवशी मालकालाही लेखी कळवा, फोनवर सांगून भागवू नका.

आणखी एक जोडी नोंदीत लागते. एक्स-बॉन्ड करताना, म्हणजे शुल्क भरून माल गोदामातून सोडवताना, शुल्काचा दर एक्स-बॉन्ड बीई सादर केल्याच्या दिवसाचा लागतो, पण विनिमय दर मूळ इन-बॉन्ड बीईचाच राहतो. मूळ दर रकान्यात लिहिलेला असला की कस्टम्स ब्रोकरशी होणारे निम्मे वाद मिटतात.

जावक: इथेच बिघडतं

जूनच्या बीईची आणि सप्टेंबरच्या बीईची तीच तेलाची कार्टन गोदामात आहेत. एक्स-बॉन्ड जूनच्या बीईवर 100 कार्टनसाठी झालं. सप्टेंबरची थप्पी डॉकजवळ आहे म्हणून माल तिथून उचलला गेला. महिनाअखेर एकूण शिल्लक बरोबर येते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण जूनच्या थप्पीत 100 जास्त आहेत आणि सप्टेंबरच्या थप्पीतून 100 कार्टन आदेशाशिवाय बाहेर गेली आहेत. कलम 71 आणि 72 च्या भाषेत ही गैर उचल. पूर्ण शुल्क, व्याज, दंड, सगळं लागू.

हे टाळायला उचल-चिठ्ठीवर थप्पीचा क्रमांक छापलेला असू द्या, वस्तूचं नाव पुरेसं नाही. गेटवरचा माणूस तीन गोष्टी ताडून मगच गाडी सोडेल: एक्स-बॉन्ड आदेशावरचा मूळ बीई क्रमांक, उचल-चिठ्ठीवरचा बीई क्रमांक, आणि कार्टनवरच्या खुणा. तिन्ही जुळेपर्यंत गाडी आतच. चूक गाडी निघण्याआधी कळली तर माल परत थप्पीत जातो. गाडी गेल्यावर कळली तर त्याच दिवशी बॉन्ड ऑफिसरला लेखी कळवा. कार्डं अदलाबदल करून आकडे जुळवू नका, कारण बॅच क्रमांक कार्टनवर छापलेला असतो आणि तपासणीत तोच आधी बघितला जातो.

दुसऱ्या बॉन्डेड गोदामाला किंवा निर्यातीसाठी बंदरावर माल जात असेल तर गाडीला वन-टाइम लॉक तुम्ही लावायचं, त्याचा क्रमांक हस्तांतराच्या फॉर्मवर किंवा शिपिंग बिलावर आणि वाहतुकीच्या कागदावर लिहायचा आणि प्रत बॉन्ड ऑफिसरला द्यायची.

साठवणुकीत माल नष्ट झाला तर मालकाला कलम 23 खाली शुल्कमाफी मागता येते, पण चोरटी उचल झालेल्या मालाला ती मिळत नाही. म्हणून फुटलेल्या बाटलीची काचसुद्धा अधिकाऱ्याने बघेपर्यंत टाकू नका.

महिनाअखेर आणि त्यानंतर

मासिक विवरण महिना संपल्यावर 10 दिवसांत जातं. पण मोजणी महिनाअखेरीवर ढकलू नका. रोज चार-पाच थप्प्या मोजा, मोजणारा माणूस नोंद ठेवणाऱ्यापेक्षा वेगळा असावा, आणि त्याला कागदावरची शिल्लक आधी दाखवू नका. प्रत्येक बीईची सुरुवातीची शिल्लक अधिक आवक वजा जावक वजा नोंदलेली तूट ही प्रत्यक्ष मोजणीएवढी आली पाहिजे. एका बीईत फरक दिसला तर शेजारच्या थप्पीपासून शोधायला लागा, बहुतेक वेळा तिथेच उलटा फरक सापडतो.

पनवेलजवळ साई गावातल्या मुक्त व्यापार गोदाम क्षेत्रात काम करणाऱ्यांना विशेष आर्थिक क्षेत्राचे 2006 चे नियम लागतात. तिथे हिशेब आर्थिक वर्षाप्रमाणे, मूल्यात, आणि त्या वर्षाच्या अखेरीपासून सात वर्षं जपायचा असतो. बॉन्डेड गोदामात मात्र माल बाहेर गेल्याच्या तारखेपासून किमान पाच वर्षं. एकाच बीईचा माल तुकड्यातुकड्याने जातो, तेव्हा फाईलवर पहिल्या जावकीची तारीख टाकू नका. शेवटचं कार्टन 20 ऑगस्ट 2026 ला गेलं तर फाईलच्या पाठीवर ‘20 ऑगस्ट 2031 पर्यंत’ असं लिहा. नोंदींची अद्ययावत डिजिटल प्रत गोदामाबाहेर दुसऱ्या ठिकाणी ठेवणं बंधनकारक आहे. त्याच आवारातल्या ऑफिसमधली हार्ड डिस्क आगीत किंवा पुरात मूळ नोंदीबरोबरच जाईल, तेव्हा प्रत वाशी-ठाण्याच्या ऑफिसात किंवा क्लाउडवर ठेवा, आणि तीन महिन्यांतून एकदा तिच्यातून एखाद्या बीईची पूर्ण नोंद उघडून बघा.